रिंग वर जायची होती त्या रात्री

"सगळ्या गावाला सांगून ठिवलंय," आबा फोनवर म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील. सैन्यातून सुभेदार होऊन घरी आले त्याला वीसेक वर्षं झाली, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरच आहे. त्यांचा फोन आला की मी तो कानापासून वीतभर लांब धरते. "आपल्या पोरीच्या हातची रिंग अंतराळात जानार हाय म्हनून सांगितलंय. समदी सांजच्याला माळावर जमनार. तू यायचं. रजा-बिजा काय ती काढ."

"आबा, माळावरून काही दिसायचं नाही," मी म्हटलं. "यान पूर्व किनाऱ्यावरून उडतं. आपल्यापासून सातआठशे किलोमीटर. मध्ये पृथ्वीचा बाक येतो. दिसलाच तर क्षितिजाला चिकटून एक ठिपका, तोही नशिबात असला तर."

"तुला काय करायचंय? लोकं येत्यात तर येऊ दे की." आणि फोन बंद.

मी सांगलीजवळच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात मापं तपासायचं काम करते. विश्रामबागेतून सकाळी स्कूटर काढायची, आठच्या ठोक्याला टेबलाशी बसायचं. लेथवरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेला प्रत्येक भाग, माझ्यापुढे येतो. मी तो आठ ठिकाणी मोजते, आकडे लिहिते, सही करते, आणि मगच तो गाडीत चढतो. अठरा वर्षं हेच चाललंय. शॉपमधली, म्हणजे यंत्रांच्या शेडमधली, माणसं मला जरा बिचकून असतात. घरी मी पोळीच्या काठाकडे बघून बोलते. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबरचा संसार म्हणजे रोजचं फायनल इन्स्पेक्शन. त्याचं काही खोटं नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे त्या यानासाठीच्या एका रिंगचं काम आलं. पोलादी रिंग, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढी, एका झडपेत बसणारी. यानात असे हजारो भाग असतात, त्यातला एक. पण आमचे मालक त्या एका भागासाठी कितीतरी वर्षं खेटे घालत होते. मालक साठी उलटलेले, स्वतः लेथवर उभं राहून कारखाना उभा केलेला माणूस. रिंग वळली आमच्या चाचांनी. चाचा मिरजेचे, आमच्याकडचे सगळ्यात जुने टर्नर. आणि मोजली मी.

आता मी काय केलं ते सांगते. सांगायला सात महिने लागले, तेव्हा इथे तरी सरळ सांगते.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. सगळा शॉप धुऊन पुसून काढायचा, लेथला झेंडूच्या माळा घालायच्या, आणि एका पाटावर मोजायची सगळी हत्यारं मांडायची. कारखान्यात बाई मी एकटी, त्यामुळे हळदकुंकू वाहायचा मान माझाच. "ताई, तुम्हीच लावा," असं सगळे म्हणतात, आणि मीही दरवर्षी आढेवेढे न घेता लावते. चाचासुद्धा टोपी नीट करून मागे उभे असतात आणि पेढा पहिल्यांदा त्यांनाच मिळतो. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत पाटावरचं एकही हत्यार कुणी हलवत नाही. ती देवासारखी बसलेली असतात.

त्या वर्षी मी ओली हळद जरा सैल कालवली. बोटं भरलेली, घाई चाललेली, मालकांच्या सूनबाईंचं फोटो काढणं चाललेलं. मोठ्या मायक्रोमीटरला मी हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. मायक्रोमीटर म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून तिची जाडी सांगणारं हत्यार. त्याच्या एका जबड्याच्या आतल्या बाजूला माझं बोट लागलं. ते मला तेव्हा कळलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रिंग न्यायला गाडी दारात. ड्रायव्हरला दक्षिणेत लांब जायचं होतं, तो हॉर्नवरचा हात काढेना. मोजण्याआधी झिरो बघायचा, हा माझाच नियम. मायक्रोमीटरबरोबर नेमक्या मापाचा एक दांडा येतो. तो जबड्यांत धरायचा, काटा बरोबर त्याच मापावर येतो की नाही ते पाहायचं, आणि मगच जॉबला हात लावायचा. मी हा नियम भिंतीवर लाल अक्षरांत लिहून लावलाय. त्याखाली उभी राहून मी मनात म्हटलं, झिरो नवमीला पूजेआधीच बघितलाय, त्यानंतर कुणी हात लावलाय? देवापुढून उचललेल्या वस्तूचं माप काय बदलणार आहे? फूल बाजूला केलं आणि सरळ रिंग मोजली. आठ रीडिंग अशी देखणी आली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. सही केली. गाडी गेली.

दुपारी दुसरा जॉब मोजायला घेतला, दांडा धरला, आणि काटा वीस मायक्रॉन पुढे. वीस मायक्रॉन म्हणजे डोक्यावरच्या केसाची पाव-एक जाडी. मी जबडा पांढऱ्या कपड्याने पुसला. कपड्यावर पिवळा-लाल डाग आला.

हळदीचा थर जबड्यावर वाळून बसला होता. म्हणजे हत्यार प्रत्येक माप वीस मायक्रॉन जास्त दाखवत होतं. म्हणजे रिंग मी लिहिली त्यापेक्षा बारीक होती. मी आठही आकडे नव्याने मांडले. पाच मर्यादेत बसत होते, तीन खाली जात होते. पुन्हा मांडले. सकाळी थर नेमका किती होता, मोजताना दाबून तो कमी झाला की काय, हे आता कोण सांगणार? रिंग बरीही असेल. नसेलही. झडपेत ती ढिली बसली तर जे आत राहायला हवं ते बाहेर गळणार, एवढं मला ठाऊक होतं.

गाडीने एव्हाना कागल केव्हाच ओलांडलं असेल. एक फोन केला असता तर थांबली असती. मी उठले, मालकांच्या केबिनपर्यंत गेले. ते भिंतीवर रिंगचा फोटो लावत होते. खिळा तोंडात धरलेला. "काय ताई?" त्यांनी खिळ्यासकट विचारलं.

"चहा सांगू का?" मी म्हणाले.

एवढंच. तिथून जी गप्प बसले ती बसलेच. स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे कारणं भरपूर होती. तिकडेही मोजतातच की. रिंग वाईट असती तर परत आली असती. दिवाळी गेली, संक्रांत गेली, रिंग परत आली नाही. प्रत्येक दिवसाबरोबर मला बरं वाटायला हवं होतं, पण उलटंच होत गेलं. तिकडेही कुणीतरी माझ्यासारखी असेल, तिच्याही दारात गाडी उभी असेल, हे काही डोक्यातून जाईना. नवऱ्याला बोलले नाही. रात्री झोपेत मी आकडे पुटपुटते असं त्याने दोनदा सांगितलं, तर मी त्याच्यावरच डाफरले.

उड्डाणाची तारीख दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा मी देवापुढे साखर ठेवली. शेवटी उन्हाळ्यात तारीख पक्की झाली, आणि आबांचा फोन आला.

सांगलीहून विट्याच्या वाटेने फलटणला जाणारी एसटी पकडली. दहिवडीच्या पुढे एका बाईने विचारलं, "माहेरी का?" मी हो म्हटलं. "बरं असतंय," ती म्हणाली. मला वाटलं तिच्या गळ्यात पडून रडावं. पण मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मनात आठ आकडे म्हणत राहिले. ते मला आता पाढ्यांसारखे पाठ झाले होते.

गावात पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. आई गुडघ्यांमुळे माळावर येणार नव्हती. तिने तोंडावरून हात फिरवला आणि "वाळलीस गं," एवढंच म्हणाली. आबांनी इस्त्रीची कापडं घातली होती, छातीवर पदकंसुद्धा लावली होती. मला ती बघवेनात.

"आबा, पदकं कशाला?"

"मंग कवा लावायची? माझ्या तिरडीवर?"

माळ म्हणजे गावामागची टेकडी. वर महादेवाचं लहान देऊळ आणि सपाट कातळ. खाली एका बाजूला उसाचे पट्टे, दुसऱ्या बाजूला कोरडं रान. आम्ही चढून गेलो तेव्हा शंभरएक माणसं आधीच येऊन बसली होती. बायकांनी चटया आणल्या होत्या, कुणी शेंगा भाजून आणल्या होत्या. शाळेतल्या गुरुजींनी फोनमधल्या होकायंत्रावरून आग्नेय दिशा काढून चुन्याने एक मोठा बाण आखला होता, आणि सगळं गाव त्या बाणाकडे तोंड करून बसलं होतं. कातळावर एक मोठा दगड होता, त्याच्यावर चांगली रेंज यायची. गुरुजींनी फोन त्या दगडावर उभा केला, त्याला देवळातला लाउडस्पीकर जोडला. सरपंचबाईंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यातून शालीचा काठ आणि नारळाची शेंडी दिसत होती.

"हे काय?" मी आबांना विचारलं.

"सत्कार," आबा म्हणाले. "यान वर गेलं की लगोलग."

अंधार पडला. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर लांबून दाखवलेलं यान दिसत होतं, भोवती दिवे, बाजूने वाफ निघतेय. माणसं माझ्याकडे वळून वळून बघत होती. एक म्हातारी माझ्या जवळ सरकून म्हणाली, "बाय, तुझं त्यात कुठं हाय गं?" मी पडद्यावर कुठेतरी बोट ठेवलं. तिने तिथे बघून हात जोडले.

लाउडस्पीकरमधून आकडे मोजणं चालू होतं. बारा मिनिटं राहिली, अकरा राहिली. आणि अकराव्या मिनिटाला मोजणं थांबलं.

माळावर कुजबुज सुरू झाली. गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. निवेदक बाई इंग्रजीत बोलत होत्या, मग हिंदीत बोलल्या. एका झडपेचं रीडिंग तपासलं जातंय, असं त्या म्हणाल्या. तपासून झालं की मोजणी पुन्हा सुरू होईल.

"म्हंजे काय झालं, गुरुजी?"

"काय न्हाई, काय न्हाई. एक व्हाल्व बघत्यात. काळजीचं कारन न्हाई."

यानात झडपा किती असतात हे मला माहीत आहे. तीच झडप असायचं काही कारण नाही, हेही माहीत आहे. पण त्या क्षणी मला हळदीचा तो डाग दिसत होता, कपड्यावरचा, आणि दुसरं काही दिसत नव्हतं. मी आबांचा हात धरून त्यांना देवळाच्या मागे नेलं आणि सगळं सांगितलं. हळद, गाडी, झिरो, वीस मायक्रॉन, मालकांच्या तोंडातला खिळा. मध्ये श्वासही घेतला नाही.

आबा ऐकत राहिले. मला वाटलं ओरडतील. ते खालच्या आवाजात बोलले, आणि मी त्यांना खालच्या आवाजात बोलताना फारसं कधी ऐकलेलं नाही.

"मालकास्नी म्हाईत हाय?"

"नाही."

"किती म्हैने झालं?"

"सात."

"आनि मला आता सांगतीस? मी काय करनार हाय त्यात? मी यान थांबवनार हाय?" त्यांनी पदकांवरून एकदा हात फिरवला. "एक सांग. तुला भ्या कशाचं वाटतंय? यान पडायचं, का नाव जायाचं?"

"यान पडायचं," मी म्हणाले.

"खोटं बोलू नगं."

खरं उत्तर त्यांना कळलं होतं आणि मलाही. यान पडायची भीती खरी होती, रात्र रात्र जागवणारी होती. पण गाडी कागलच्या पुढे असताना ज्या भीतीने मला केबिनच्या दारातून मागे फिरवलं ती नावाचीच. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने गोल करत आले होते. मला माझ्याभोवती तो गोल नको होता.

"फोन लाव त्यास्नी," आबा म्हणाले.

"आत्ता? आबा, आता दहा मिनिटांत—"

"दहा मिन्टं हायत म्हनूनच. लाव."

देवळाच्या मागच्या पायरीवर एक काडी रेंज आली. तिकडे मालक कारखान्यातच होते. शॉपमध्ये पडदा लावून सगळी माणसं एकत्र बघत होती. त्यांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. "बोला ताई! पोचलात का गावी?"

मी पुन्हा सगळं बोलले. या वेळी अडखळत, मागचं पुढे करत. मागचा गोंगाट हळूहळू कमी झाला. ते ऐकत ऐकत बाहेर आले असावेत. मी शेवटी म्हणाले, "वीस मायक्रॉनचा फरक होता. रिंग बारीक आहे. त्यांना कळवा, अजून वेळ आहे, थांबवलंय त्यांनी."

पलीकडे त्यांनी मागचं दार लोटून घेतलेलं ऐकू आलं.

"वीस नाही," मालक म्हणाले. "बावीस."

मला आधी अर्थच लागला नाही.

"तिकडे पोचल्यावर त्यांनी मोजली. दिवाळीत परत आली. माझ्या कपाटात आहे. तुम्ही दिवाळीला माहेरी गेला होता."

"मग आता वर जी आहे—"

"दुसरी. पाडव्याला चाचांना घरून बोलावलं. एका दिवसात वळून दिली त्यांनी. मी मोजली, मी स्वतः नेऊन दिली."

मी पायरीवर बसले. पहिल्यांदा आनंद झाला, हे कबूल करते. यान माझ्यामुळे पडणार नव्हतं. सात महिन्यांचं ओझं असं एका वाक्यात उतरलं की मला हसूच यायला लागलं. मग त्यामागून दुसरं सगळं आलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"वाट बघत होतो," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आधी वाटलं, दिवाळीहून आल्या की सांगतील. मग वाटलं, रिंगचा फोटो रोज समोर आहे, एक दिवस बोलतील. मग मी वाट बघणंही सोडून दिलं, ताई. आज सांगितलंत, बरं केलंत. तिकडे मोजणी सुरू झाली बघा. ठेवतो, मला बघू द्या."

देवळाच्या पुढच्या बाजूला सगळं गाव लाउडस्पीकरबरोबर मोठ्याने आकडे म्हणत होतं, बारकी पोरं सगळ्यांच्या वर. शेवटचा आकडा झाला आणि एकच ओरडा उठला. मी पायरीवरून उठून कोपऱ्यापर्यंत आले तेव्हा पडद्यावर नुसता पांढरा उजेड होता, मग त्या उजेडातून एक ठिणगी वर सरकताना दिसली. माणसं पडद्याकडे बघायचं सोडून बाणाच्या दिशेला बघत होती. कुणीतरी किंचाळलं, "त्यो बघा! त्यो बघा, निघाला!" आग्नेयेला खरंच एक दिवा हलत होता. लुकलुकत, सावकाश, आडवा. ते विमान होतं. शंभर माणसांनी त्या विमानाला टाळ्या वाजवल्या, म्हातारीने पुन्हा हात जोडले. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी लगेच सांगितलं असतं. त्या रात्री मी कुणाला काही सांगायच्या लायकीची राहिले नव्हते, असं मला वाटलं, म्हणून गप्प राहिले.

आबा माझ्याकडे आले. "काय म्हनालं?"

मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान हलवली. पडद्यावर यानाचे टप्पे एकेक करून सुटत गेले, प्रत्येक वेळी गुरुजी माइकवर समजावत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. शेवटी सगळं ठीक झाल्याचं निवेदक बाईंनी जाहीर केलं. तिकडे माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. सरपंचबाई पिशवीतून शाल काढून माझ्याकडे यायला लागल्या.

मला वाटलं आबा त्यांना अडवतील, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्यांनी गुरुजींच्या हातातून माइक घेतला आणि माझ्या हातात दिला. "पोरीला काय बोलायचं हाय," ते म्हणाले, आणि हात मागे बांधून ताठ उभे राहिले.

कधी एकदा हे संपेल असं झालं होतं, तरी मी बोलले. जी रिंग मी मोजली ती नापास झाली. चूक माझी होती. मी ती सात महिने दडवली. आज वर गेली ती आमच्या टर्नर चाचांनी दिवाळीच्या सुट्टीत केलेली दुसरी रिंग आहे, तिचा माझ्याशी काही संबंध नाही. लाउडस्पीकरमुळे प्रत्येक शब्द खाली गावापर्यंत गेला असणार. आईनेही ऐकला असणार.

शेंगा फोडायचा आवाज थांबला. मग तीच म्हातारी म्हणाली, "आगं, मंग ही शाल त्येंची हाय की. जाताना घिऊन जा. हितं कुनाच्या अंगावर घालायची?"

"व्हय, खरंच की," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी हसलं. सरपंचबाईंनी शाल घडी करून पुन्हा पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. नारळ तिथेच देवापुढे फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं, मलाही दिलं. उतरताना आबा बॅटरी घेऊन पुढे चालले होते. खाली पोचेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पण जिथे जिथे दगड होता तिथे बॅटरी मागे धरत होते. घरी आल्यावर त्यांनी पदकं काढून डब्यात ठेवली आणि सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ सांगून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले तेव्हा मालकांनी कपाटातून रिंग काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी झिरो बघितला, आठ ठिकाणी मोजली, रिपोर्टवर नापास लिहून सही केली. मालकांनी कागद वाचला, फाइलला लावला आणि आपल्या कामाला गेले. त्यांना जे म्हणायचं होतं ते आदल्या रात्रीच म्हणून झालं होतं.

दुपारच्या सुट्टीत मी शाल घेऊन शॉपमध्ये गेले. सगळी माणसं लेथच्या मागे फरशीवर डबे उघडून बसली होती. चाचा भिंतीला टेकून होते. मी त्यांच्या हातात पिशवी दिली, गावाने पाठवलीय असं सांगितलं, पाडव्याला तुम्हाला माझ्यामुळे यावं लागलं म्हणाले. त्यांनी शाल काढून बघितली, काठ बोटांत धरून बघितला.

"उन्हाळ्यात शाल," ते म्हणाले. "बरं हाय. पावसाळ्याला हुईल." मग शाल घडी करून मांडीवर ठेवली. "ताई, चूक माजीबी हाय. त्या दिवशी खोकं गाडीत ठेवायला म्या आलतो. तुमी फूल काडलं आन् झिरो न बगता मापं घ्यायला लागला. मी दारातनं बगितलं."

"बघितलं?" मी म्हणाले. "तुम्ही बघितलं आणि बोलला नाहीत? चाचा, चाळीस वर्षं लेथवर काढलीत तुम्ही, एवढं कळत नाही तुम्हाला? तोंड उघडायला काय झालं होतं?"

शॉपभर माझाच आवाज घुमत होता. चाचांनी माझ्याकडे वर बघितलं. त्यांचा चेहरा शांत होता, थोडा ओशाळा.

"ह्येच की, ताई," ते म्हणाले. "ह्येच म्हनून बोललो न्हाई."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळी माणसं मान खाली घालून जेवत होती, आणि त्यांतल्या एकालाही ह्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.